सहा सेंटिमीटर

१

रिंग सहा सेंटिमीटर खाली होती.

मी शिडीवर चढून टेप तीनदा लावली. नियमाप्रमाणे बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटर उंच असावी लागते. हॉलच्या पलीकडच्या टोकाची रिंग बरोबर तेवढी होती. दरवाजाकडची मात्र तिन्ही वेळा दोन मीटर नव्व्याण्णव भरली.

"किती?" खालून वकिलाने विचारलं.

हा वकील कोर्टातला नव्हे. काल इथे एका गुणाने हरलेल्या पाहुण्या क्लबचा तो कोच. खेळत होता तेव्हा प्रत्येक फाउलवर रेफरीशी वाद घालायचा, म्हणून ते नाव पडलं. त्यातले निम्मे वाद माझ्याशीच. तीस वर्षं मी शिट्टी वाजवली, आता महासंघाची तांत्रिक तपासनीस आहे. मला अजूनही सगळे शिट्टीबाईच म्हणतात.

मी आकडा सांगितला. खाली चौघे उभे होते.

यजमान क्लबचा सचिव घाम पुसत होता. त्याच्या शेजारी क्लबचा सहायक कोच, ज्याला सगळे छोटे सर म्हणतात, स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आणि सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच असा बगळा, मुख्य कोच, रिंगकडे बघत होता. नुसता बघत होता, घरातल्या माणसाने चोरी केली असं कुणी येऊन सांगावं तसा.

"नियम सांगतो," वकील म्हणाला. "कोचने मुद्दाम साहित्यात फेरफार केला तर पाच वर्षं बंदी. क्लब खालच्या गटात."

"नियम मला पाठ आहेत," मी म्हटलं. "सुनावणी सोमवारी. तोवर अहवाल मी देईन."

माझ्या हातात तीन दिवस होते. शिडीवरून उतरताना पहिली गोष्ट आठवली ती ही, की या हॉलची वार्षिक तपासणी सहा महिन्यांपूर्वीच झाली होती. दोन्ही रिंग तीन मीटर पाच, असा दाखला होता.

त्या दाखल्यावर सही माझी होती.

२

बगळ्याला मी तो एकवीस वर्षांचा असल्यापासून ओळखते. डावखुरा, काटकुळा. श्वास घ्यायला थांबला की एक पाय दुमडून उभा राहायचा, त्यावरून नाव पडलं. एकोणीस वर्षं व्यावसायिक लीगमध्ये खेळला, तीन क्लबांकडून. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. तिसरी नको म्हणून निवृत्त झाला, नऊ वर्षं एका शाळेत खेळ शिकवला आणि मग इथे कोच म्हणून आला, त्याला दहा वर्षं झाली. दुसऱ्याच वर्षी बायको गेली. मुलगी दूर परदेशात असते. वर्षातून एक आठवडा तो तिच्याकडे जातो, बाकी एकावन्न आठवडे या हॉलमध्ये.

त्याची खोली हॉलला लागूनच होती. एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची त्याने कुठून तरी धूळ झटकून आणली, त्यावरून इथे कोण किती येतं ते कळलं.

भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चौकटीत लावलेलं होतं. तो कोच झाला त्या दिवशीचं. मोठ्या अक्षरात त्याचंच वाक्य: 'ज्या दिवशी माझा हात रिंगला लागणार नाही, त्या दिवशी मी हे काम सोडेन.'

"अजून लागतो?" मी विचारलं.

"रोज. सकाळी साडेसहाला येतो. मुलं आठला येतात. त्याआधी एकदा उडी मारतो, हात लावतो, मग दिवस सुरू." तो थोडा लाजला. "म्हातारचळ म्हणा हवं तर."

"काल मॅचच्या आधीही?"

"मॅचच्या दिवशी सगळ्यांसमोर. मुलांना जरा चेव येतो."

"त्या रिंगला कुणी हात घातला असेल असं वाटतं?"

त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "बाई, या हॉलच्या किल्ल्या तिघांकडे आहेत. मिस्त्रीकडे, छोट्याकडे आणि माझ्याकडे. मिस्त्री इथे बावीस वर्षं हॉलची देखभाल करतो, त्याला काय मिळणार? छोट्याला तो खेळाडू असल्यापासून मी हाताखाली धरलंय. त्यांच्यावर मी बोट दाखवणार नाही."

"म्हणजे उरलात तुम्ही."

"हो ना," तो म्हणाला. "आणि रोज दीड तास इथे एकटा असतो. लिहा तसं. पण मी केलेलं नाही."

मी लिहिलं. पहिलं वाक्य खरं होतं याबद्दल शंकाच नव्हती. दुसऱ्याबद्दल मात्र मला त्याच्या चेहऱ्यापलीकडे काही हवं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महासंघाच्या दप्तरात बसून या हॉलमधल्या पाच वर्षांच्या मॅचेसचे स्कोअरशीट काढले. माझ्या घरी सकाळी चहाला सोबत नसते, त्यामुळे कागदांची सोबत मला चालते.

बास्केटबॉलमध्ये मध्यंतरानंतर टोकं बदलतात. म्हणजे दरवाजाकडची रिंग अर्धा वेळ यजमानांची आणि अर्धा वेळ पाहुण्यांची. लबाडी करायची तर ही कसली लबाडी, निम्मी समोरच्याला वाटून दिलेली? तरी म्हटलं, सरावाचा फायदा होत असेल. आकडे मांडले. यजमान संघाने दरवाजाकडच्या रिंगवर पलीकडच्यापेक्षा जरा कमीच बास्केट केल्या होत्या. पाचही वर्षं.

मग तपासणीची फाइल काढली. दरवर्षी मी या हॉलला एकदा येते. तारीख क्लबने कळवायची अशी पद्धत आहे. पाच पत्रं होती, पाचही छोट्या सरांच्या सहीची. पाचही पत्रांत 'अमुक आठवड्यात हॉल मोकळा असेल' असं होतं. हॉल त्या आठवड्यात मोकळा का असतो ते काल बगळ्याच्या बोलण्यातून कळलं होतं. बगळा मुलीकडे गेलेला असतो.

दुपारी मी पुन्हा हॉलमध्ये गेले आणि शिडी मागितली. मिस्त्रीने ती डाव्या हाताने ओढत आणली. उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जातच नाही. दिव्यांची बटणंसुद्धा तो काठीने दाबतो.

रिंग ज्याला जोडलेली असते त्या बोर्डाच्या मागे एक पत्र्याचं झाकण होतं. खालून ते दिसत नाही. झाकण काढलं, तर आत चार जाड नट आणि त्यांच्यासाठी चार उभी लांबट भोकं. नट सैल केले की अख्खा बोर्ड वरखाली सरकतो. प्रत्येक भोकाच्या कडेला रंगाच्या आडव्या रेषा होत्या, एकाखाली एक. कुणीतरी दर वेळी बोर्ड सरकवून वर रंगाचा हात फिरवला होता.

मी मोजल्या. सहा रेषा. दोन रेषांमध्ये बरोबर एक सेंटिमीटर.

मॅच जिंकायला निघालेला माणूस रिंग एका झटक्यात खाली आणतो. हा कुणीतरी बोटाच्या नखाएवढं सरकवून वर्षभर थांबत होता.

उतरता उतरता नजर रिंगवर पडली. पुढच्या कडेला, जरा डावीकडे, नारिंगी रंग पूर्ण उडून लोखंड चकाकत होतं. दोन बोटांएवढीच जागा.

मी खाली बघितलं. मिस्त्री शिडी धरून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्या चकाकत्या जागेवर होती, आणि त्याचे डोळे भरले होते.

४

"डोळ्यांत धूळ गेली," तो म्हणाला.

मी त्याला बाकावर बसवलं. साठीचा माणूस, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी, खिशात पाना.

"मिस्त्री, हा बोर्ड किती जड आहे?"

"काचेचा आहे बाई. सत्तर-ऐंशी किलो."

"तुम्ही एकटे सरकवू शकता?"

"या खांद्याने?" तो हसला. "मला स्वतःचा सदरा काढायला वेळ लागतो."

"मग नट तुम्ही सैल केले तर बोर्ड पडू नये म्हणून खालून धरणारं कुणी लागेल."

तो एकदम उठला. "पाण्याचा पंप बंद करायचाय," म्हणाला आणि निघून गेला. हॉलमध्ये पंपाचा आवाज नव्हता.

छोटे सर मला मागच्या पायऱ्यांवर सापडले. पस्तिशीचा, धिप्पाड. बगळ्याची जागा रिकामी झाली तर ती त्याला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. सचिवाने तर मला कालच कानात सांगितलं होतं, "बाई, फायदा कुणाचा ते बघा."

मी त्याला तेच विचारलं.

"सर गेले तर कोच मी होणार, हो," तो म्हणाला. "म्हणून मी त्यांना अडकवलं असं म्हणायचंय का? सगळा क्लब तेच बोलतोय. कालपासून माझ्याशी कुणी धड बोलत नाहीये."

"रिंग कुणी खाली केली असेल?"

"मला काय माहीत? मी त्या बोर्डाला जन्मात हात लावलेला नाही. खेळाडूंपैकी कुणी लोंबकळलं असेल, वाकली असेल."

"लोंबकळून पूर्ण बोर्ड खाली येतो?"

"नाही, ते खरं. चारही नट सैल केल्याशिवाय तो हलत नाही."

मी वही मिटली. बोर्डाचे नट पत्र्याच्या झाकणाआड होते. ते किती आहेत हे खाली उभ्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

त्यालाही ते लगेच कळलं.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला त्यांची जागा हवी होती. मग सहा वर्षं हे कशासाठी केलंत?"

तो उठून निघून गेला.

५

आता मला कुणी केलं ते माहीत होतं. का केलं तेही अंधूक दिसत होतं. पण एक कोडं राहिलं होतं. सहा सेंटिमीटर खालून कुणाच्या डोळ्याला कळत नाही. माझ्याही नाही, आणि मी आयुष्यभर रिंगांखालीच उभी राहिले आहे. मग वकिलाला कसं कळलं?

तो स्टेशनजवळच्या एका हॉटेलात उतरला होता. खाली जेवणाच्या दालनात एकटाच बसला होता, समोर गार झालेलं सूप.

"मॅच संपल्या संपल्या तुम्ही मोजणी मागितलीत. रिंगमध्ये काय दिसलं?"

"मी रिंग बघितलीच नाही," तो म्हणाला. "मी त्याला बघितलं."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"आम्ही सात वर्षं एका संघात होतो, बाई. एका खोलीत राहायचो. त्याचा गुडघा पहिल्यांदा मोडला तेव्हा त्यावर पडलेला माणूस मीच. त्या गुडघ्यात किती जोर उरलाय ते त्याच्या डॉक्टरांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे." त्याने चमचा बाजूला ठेवला. "मॅचच्या आधी त्याने उडी मारली आणि रिंगला हात लावला. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीच एकटा बसून होतो. मनात म्हटलं, एकोणसाठाव्या वर्षी हे होणार नाही. या गुडघ्यावर तर नाहीच."

"म्हणजे त्यानेच केलं असं तुमचं म्हणणं?"

"काल रात्रीपर्यंत होतं." तो खिडकीकडे बघू लागला. "तो उडी मारून खाली आला ना, तेव्हा त्याचा चेहरा पाहिला मी. खोटं बोलणाऱ्याचा नव्हता तो. खोटं बोलताना तो कान खाजवतो. तक्रार देऊन बसलो आणि मग ते आठवलं."

"तक्रार मागे घेणार?"

"हरलोय एका गुणाने. माझ्या मुलांना काय सांगू?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुम्ही जे खरं असेल ते लिहा. आणि त्याला भेटलात तर सांगा... राहू दे. काही सांगू नका."

६

रविवारी सकाळी मी दोघांना सामानाच्या खोलीत बोलावलं. जुन्या चटया, फुटके बॉल, रंगाचे डबे. मिस्त्री उलट्या बादलीवर बसला. छोटे सर दाराला टेकून उभे राहिले.

"मी बोलते," मी म्हटलं. "चुकलं तर थांबवा.

"रिंग मॅचसाठी खाली केलेली नव्हती. स्कोअरशीट तेच सांगतात. मॅचसाठी केली असती तर मॅचपुरती केली असती. ही वर्षभर खाली असायची आणि फक्त एका आठवड्यापुरती वर जायची, माझ्या तपासणीच्या. तो आठवडा बगळा परदेशात असल्याचा. तो यात सामील असता तर त्याच्या गैरहजेरीची वाट बघायची गरज नव्हती. म्हणजे हे महासंघापासून जितकं लपवायचं होतं, तितकंच त्याच्यापासून.

"मग या रिंगला वर्षभर रोज कोण हात लावतं? रंग उडालाय तो डावीकडे. डावखुरा माणूस, रोज, एकाच जागी. आणि त्या माणसाने छापून सांगितलंय की हात लागला नाही तर मी जाईन. वर्षाला एक सेंटिमीटर, मिस्त्री. त्याची उडी जितकी उतरायची, तितकी तुम्ही रिंग उतरवायचात. नट तुमचे, खांदे यांचे."

मिस्त्रीने पाना खिशातून काढून जमिनीवर ठेवला.

"सहा वर्षांपूर्वीची गोष्ट," तो म्हणाला. "सकाळी मी दिवे लावायला आलो. सर उडी मारत होते. लागला नाही हात. परत मारली. सात-आठदा मारली. शेवटी तिथेच जमिनीवर बसले. मी खांबामागे उभा होतो, त्यांना दिसलो नाही. मग खोलीत गेले आणि राजीनामा लिहायला बसले. अर्धा लिहून टेबलावर ठेवून गेले. मी झाडायला गेलो तेव्हा वाचला." त्याने नाक पुसलं. "बाई, घरी त्यांच्याशी बोलायला भिंतींशिवाय कुणी नाही. आणि मलाही... सकाळी ते येतात, 'काय मिस्त्री, झोप झाली का' विचारतात. दिवसभरात मला एवढंच कुणी विचारतं. मी छोट्या सरांना म्हटलं, जरा हात लावा. एकच सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात लागला. कागद फाडून टाकला त्यांनी. शीळ घालत होते त्या दिवशी."

"आणि तुम्ही?" मी छोट्या सरांना विचारलं.

"पहिल्या वेळी मला गंमत वाटली. दुसऱ्या वर्षी नाही म्हणणार होतो." तो दाराच्या कडीशी चाळा करत होता. "मग विचार केला, सर गेले तर त्या खोलीत मी बसणार. त्या एका खुर्चीवर. मी त्यांना तिथे दहा वर्षं बसलेलं बघतोय, बाई. मला ती जागा हवी होती, पण इतक्यात नको होती."

"अहवालात लिहा की मी दारू पिऊन नट सैल सोडले," मिस्त्री म्हणाला. "मला काढून टाका. पण त्यांना हे सांगू नका. हात जोडतो."

"ते लिहिलं तर हे प्रकरण निष्काळजीपणाचं होईल आणि संशय त्याच्यावरच राहील. आयुष्यभर. खरं लिहिलं तरच तो सुटतो."

"सुटून करतील काय ते?"

मी एवढंच म्हटलं, "उद्या सुनावणीत कागदावरून कळण्यापेक्षा आज माणसाकडून कळू दे. तुम्ही सांगता का?"

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली.

७

बगळ्याच्या घराचं दार त्याच्या उंचीला पुरत नव्हतं. स्वतःच्याच घरात तो वाकून चालायचा. पलंगाच्या पायथ्याशी पाय टेकायला एक स्टूल जोडलेलं होतं. टीव्हीवर जुनी मॅच चालू होती, आवाज बंद करून.

मी काही न वगळता सांगितलं. सांगायला सात मिनिटं लागली असतील.

"किती म्हणालात?" त्याने विचारलं.

"सहा."

"म्हणजे सहा वर्षांपूर्वीच संपलं होतं." तो आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होता. "छोटासुद्धा होता?"

"हो."

तो रागावेल असं वाटलं होतं, किंवा रडेल. त्याने उठून टीव्ही बंद केला आणि खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला.

"बाई, निवड चाचणी आम्ही पलीकडच्या रिंगवर घेतो. तिकडे बाक आहेत ना, परीक्षकांना बसायला." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "चार वर्षांपूर्वी एक मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. हात चांगले, नजर चांगली. पण उडी कमी. रिंगला हात लागेना. चार बोटं कमी पडायचा. सगळ्यांसमोर मी त्याला दरवाजाकडच्या रिंगपाशी नेलं, उडी मारून हात लावून दाखवला आणि म्हटलं, पंचावन्न वर्षांचा लंगडा माणूस जिथे पोचतो तिथे तू पोचत नाहीस, तू आळशी आहेस. घरी जा."

त्याने खिडकीचा गज धरला.

"तो म्हणाला होता, सर, या रिंगवर मला एकदा मारू द्या उडी. मी म्हटलं, रिंग सगळ्या सारख्याच असतात."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. तो तसाच उभा होता, एक पाय किंचित उचलून.

"मिस्त्रीला सांगा," तो शेवटी म्हणाला, "उद्या सुनावणीला स्वच्छ सदरा घालून ये. काढायला वेळ लागला तरी चालेल."

म्हणजे खांद्याचं त्याला माहीत होतं. बाकीचं नव्हतं.

८

सुनावणी चाळीस मिनिटांत आटोपली. मी अहवाल वाचला. बगळा उभा राहून म्हणाला की फेरफार त्याने केला नाही, पण झाला तो त्याच्या एका वाक्यापायी, तेव्हा शिक्षा द्यायची तर आधी त्याला द्यावी. अध्यक्षांनी ते नोंदवून घेतलं नाही. मॅच तिसऱ्याच हॉलमध्ये पुन्हा खेळवायची ठरली. छोट्या सरांना सहा महिने मनाई, मिस्त्रीला सक्त ताकीद. तारीख विचारून तपासणी करते म्हणून मलाही एक ठपका मिळाला, तो वाजवी होता.

बगळ्याने राजीनामा टेबलावर ठेवला. या वेळी तो पूर्ण लिहिलेला होता.

बाहेर आल्यावर वकील त्याच्यापाशी गेला. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून जिन्याच्या तोंडाशी थांबला होता. बगळा त्याच्यासमोर आला, थबकला आणि पायऱ्या उतरून गेला. मिस्त्री कठडा धरून उभा राहिला.

मी घरी जायला निघाले तर फाटकाशी बगळा माझी वाट बघत होता.

"त्या मुलाचा पत्ता मिळाला," तो म्हणाला. "पार्सलच्या गोदामात काम करतो. इथून दोन बसथांबे. येता का? एकट्याला जमेलसं वाटत नाही."

"काय सांगणार?"

"झालं ते. दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

गोदामात छतापर्यंत लोखंडी मांडण्या होत्या. तो मुलगा, आता तेवीस वर्षांचा, सर्वांत वरच्या फळीवर खोकी सरकवत होता, शिडी न घेता. बगळ्याला बघून तो हात वर तसाच धरून थांबला.

"सर?"

बगळ्याने सांगितलं. मुलगा खोकं खाली ठेवून ऐकत होता. मागून कुणीतरी त्याला दोनदा हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

"मी किती कमी पडलो होतो?" ऐकून झाल्यावर त्याने विचारलं.

"चार बोटं."

"आणि तुम्ही? तिकडच्या रिंगवर?"

"मी तिकडे कधी मारलीच नाही उडी," बगळा म्हणाला. "पण तेवढाच कमी पडलो असतो. कदाचित जास्त."

मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तरी मी शिट्टी वाजवली नसती. त्याने हातमोजे काढले, पुन्हा चढवले.

"मला आता बोलता येणार नाही," तो म्हणाला. "सहाला सुटतो."

"थांबू का?"

"तुमची मर्जी." तो मांडण्यांच्या आड गेला.

बाहेर फाटकापाशी एक सिमेंटचा कट्टा होता. बगळा त्यावर बसला आणि दुखरा पाय लांब पसरला. मी घड्याळ बघितलं. सव्वातीन झाले होते.

"तुम्ही जा बाई," तो म्हणाला. "उगाच खोळंबा तुमचा."

माझी घरी कुणी वाट बघत नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले.

"मिस्त्रीशी काय बोलायचं ते अजून सुचत नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"सहापर्यंत वेळ आहे," मी म्हटलं.